माँटगोमेरीतील मॅग्नेट शाळा : चाळीस वर्षांच्या वादाची पार्श्वभूमी

अमेरिकेतील मेरीलँड राज्यात, राजधानी वॉशिंग्टनला लागून असलेल्या माँटगोमेरी काउंटीच्या सरकारी शाळांत सुमारे 1 लाख 60 हजार मुले शिकतात. तेथील हायस्कुलांतल्या विशेष अभ्यासक्रमांची घडी बदलण्याची योजना प्रशासनाने 2025 मध्ये मांडली आणि पालकांत दोन तट पडले. काउंटीचे सहा विभाग करायचे, गणित-विज्ञान, इंटरनॅशनल बॅकलॉरिएट (आंतरराष्ट्रीय मान्यतेचा शालेय अभ्यासक्रम), वैद्यकीय शिक्षण, कला असे अभ्यासक्रम प्रत्येक विभागात उपलब्ध करायचे आणि मुलांनी आपापल्या विभागातच अर्ज करायचा, असा तिचा गाभा आहे. अशा विशेष अभ्यासक्रमांतील ज्या जागांवरून आज ‘गुणवत्ता की समान संधी’ असा वाद रंगला आहे, त्या मुळात गुणवत्तेच्या शोधासाठी निर्माण झालेल्या नव्हत्या.

काउंटीच्या दक्षिण टोकाला सिल्व्हर स्प्रिंग आणि टाकोमा पार्क ही जुनी उपनगरे आहेत. तेथे कृष्णवर्णीय आणि स्थलांतरित कुटुंबांची संख्या वाढू लागली, तशा त्या भागातील शाळांतून गोऱ्या मुलांची संख्या घटू लागली. सक्तीने मुलांची अदलाबदल करण्याऐवजी काउंटीने आकर्षणाचा मार्ग धरला : इतरत्र मिळणार नाही असे काही त्या शाळांत ठेवायचे, म्हणजे दूरचे पालक आपण होऊन मुले पाठवतील. 1985 मध्ये माँटगोमेरी ब्लेअर हायस्कुलात सुरू झालेला विज्ञान, गणित आणि संगणकशास्त्राचा मॅग्नेट, म्हणजे मुलांना दुरून खेचून घेणारा खास अभ्यासक्रम, हा त्याच धोरणाचा भाग होता.

हा प्रयोग अपेक्षेपेक्षा फार पुढे गेला. दरवर्षी जेमतेम शंभर मुलांची तुकडी, क्वांटम भौतिकी आणि रेषीय बीजगणित शिकवणारे शालेय शिक्षक, आणि बारावीच्या आधीच्या उन्हाळ्यात एखाद्या खऱ्या प्रयोगशाळेत करायचे संशोधन, असा त्याचा साचा बसला. बेथेस्डाची राष्ट्रीय आरोग्य संस्था जवळच असल्याने अशा संशोधनाला जागेची वाण नव्हती. देशपातळीवरील विज्ञान स्पर्धांच्या याद्यांत ब्लेअरचे नाव वारंवार झळकू लागले आणि शाळेत मिश्रण घडवण्याचे साधन हळूहळू प्रतिष्ठेची जागा बनले. एकाच इमारतीत मॅग्नेटची मुले एकीकडे आणि परिसरातली मुले दुसरीकडे, अशी टीकाही मग आलीच. उत्तरेकडील मुलांना हा प्रवास परवडत नसल्याने 2006 मध्ये पूल्सव्हिल येथे तसाच दुसरा मॅग्नेट उघडण्यात आला.

दरम्यान मूळ हेतूचा कायदेशीर आधारच खचला होता. एका गोऱ्या मुलाला गणित-विज्ञानाच्या मॅग्नेट प्राथमिक शाळेत जायचे होते. तो गेल्यास त्याला नेमून दिलेल्या शाळेतील वांशिक समतोल बिघडेल म्हणून परवानगी नाकारली गेली. चौथ्या विभागीय फेडरल अपील न्यायालयाने 1999 मध्ये हा नकार घटनाबाह्य ठरवला. वंशाच्या निकषावर प्रवेश हलवण्याची वाट त्यानंतर बंद झाली, मात्र मॅग्नेट राहिले. माझ्या मते आजच्या गोंधळाचे मूळ येथे आहे, कारण संस्था टिकली पण तिचे प्रयोजन नव्याने ठरवण्याचे काम कोणी केले नाही.

ती पोकळी प्रवेशपद्धतीवरील भांडणांनी भरून काढली. काउंटीने नेमलेल्या सल्लागारांच्या 2016 च्या अहवालात विशेष अभ्यासक्रमांत कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुले फार कमी असल्याचे दाखवण्यात आले. त्यानंतर पालकांच्या अर्जाची वाट न पाहता सर्वच मुलांची चाचपणी सुरू झाली आणि परिसरात बरोबरीची मुले किती आहेत हेही पाहिले जाऊ लागले; ती पुरेशी असली, तर मुलाला बाहेरच्या मॅग्नेटची गरज कमी मानली जाई. हुशार मुलांचे गट असलेल्या शाळांत आशियाई कुटुंबे बरीच होती; त्यांच्या संघटनेने 2020 मध्ये फेडरल न्यायालयात दावा लावला. तो 2022 मध्ये फेटाळला गेला. कोरोनाकाळात परीक्षा घेणेच अशक्य झाल्यावर प्राथमिक आणि मिडल स्कूल (सहावी ते आठवी) स्तरावरील जागांसाठी लॉटरी आली : शाळेतील गरिबीचे प्रमाण लक्षात घेऊन ठरवलेला गुणांचा उंबरठा ओलांडणाऱ्यांची नावे सोडतीत टाकायची. साथ ओसरली तरी सोडत राहिली. वर्षानुवर्षे तयारी करवून घेतलेल्या मुलाचे नाव चिठ्ठीत निघाले नाही, की घरात काय वातावरण होते हे तेथील भारतीय कुटुंबांना, अर्थात मराठी घरांनाही, वेगळे सांगायला नको.

2025 ची योजना आली ती या साऱ्याच्या पाठीवर. क्राउन आणि वुडवर्ड या दोन नव्या इमारतींमुळे हायस्कुलांच्या हद्दी तशाही नव्याने आखाव्या लागणार होत्या. शिवाय राज्याच्या ‘ब्ल्यूप्रिंट’ या शिक्षणसुधारणा कायद्याने व्यावसायिक शिक्षणावर भर देणे बंधनकारक केले होते. दूरच्या मॅग्नेटपर्यंत मुलाला पोहोचवण्याची ऐपत सर्वांची नसते, हा योजनेच्या बाजूचा मुद्दा वजनदार आहे आणि तो टाळता येत नाही. विरोधकांचा मुद्दाही तितकाच ठोस आहे : ब्लेअरमधला वर्ग शिकवू शकणारे शिक्षक एका शाळेसाठी जमवायलाच अनेक वर्षे लागली, ते सहा विभागांसाठी कोठून आणणार, आणि थोड्या मुलांनाच हवे असलेले अवघड विषय सहा ठिकाणी विभागल्यावर वर्ग भरेल का? खुद्द ब्लेअरच्या मॅग्नेट शिक्षकांनीच हा आक्षेप उघडपणे घेतल्याने त्याला ‘जागा जाईल म्हणून ओरड’ असे म्हणून बाजूला सारणे प्रशासनाला सोपे गेले नाही. बसगाड्यांच्या खर्चाचा हिशेबही सभांमध्ये पुन्हा पुन्हा मागितला गेला. योजनेची अंमलबजावणी 2027-28 मध्ये नववीत येणाऱ्या तुकडीपासून प्रस्तावित असल्याने, ती मांडली गेली तेव्हा सातवीत बसलेल्या मुलांचे पालक या सभांत सर्वांत अस्वस्थ असणे स्वाभाविक होते.