आर्विद कार्लसन यांचे संशोधनलेखन

कार्लसन, आर्विद : (२५ जानेवारी १९२३ – २९ जून २०१८). स्वीडिश औषधशास्त्रज्ञ. डोपामाइन हे मेंदूतील स्वतंत्र संदेशवाहक रसायन आहे, हे त्यांनी दाखवून दिले. २००० सालचे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक त्यांना पॉल ग्रीनगार्ड व एरिक कँडेल यांच्यासह मिळाले. साठ वर्षांहून अधिक काळ ते लिहीत राहिले; पण मेंदूवरील औषधांचे शास्त्र ज्यांनी बदलले ते त्यांचे तीन निबंध १९५७ ते १९६३ या काळातले आहेत, आणि तिन्ही मिळून जेमतेम सात पानांचे आहेत.

या कामाचे मूळ भारतीय सर्पगंधेत आहे. मानसिक विकार आणि रक्तदाब यांवरील तिचा उपयोग गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये नोंदवला होता. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवरील आपला अनुभव १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडला आणि पाश्चात्त्य डॉक्टरांचे लक्ष तिच्याकडे गेले. तिच्या मुळांतील रेझर्पिन हे द्रव्य १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये वेगळे करण्यात आले. ते माणसाला शांत का करते, हा प्रश्न घेऊन कार्लसन १९५५ मध्ये अमेरिकेत बर्नार्ड ब्रॉडी यांच्या प्रयोगशाळेत गेले. रेझर्पिनमुळे मेंदूतील सेरोटोनिन हे अमाइन वर्गातले रसायन नाहीसे होते, हे ब्रॉडी यांच्या गटाने शोधले होते. इतर अमाइनांचे काय होते तेही पाहू, असे कार्लसन यांनी सुचवले. ब्रॉडी यांना त्याची गरज वाटली नाही. स्वीडनमध्ये लुंडला परतल्यावर कार्लसन यांनी निल्स-ओके हिलार्प यांच्यासह ते काम हाती घेतले.

‘नेचर’मधील १९५७ चा निबंध एका पानाचा आहे. रेझर्पिन दिलेली जनावरे निपचित पडत. ज्यापासून शरीर अशी अमाइने बनवते ते एल-डोपा हे द्रव्य टोचताच थोड्याच वेळात ती पुन्हा हिंडूफिरू लागली. मात्र त्यांच्या मेंदूत रेझर्पिननेच नाहीसे केलेले दुसरे अमाइन, नॉरअ‍ॅड्रेनलिन परतलेले नव्हते. मग त्यांना जागे केले कोणी? उत्तर १९५८ च्या ‘सायन्स’मधील निबंधात आहे, आणि तोही एका पानाचाच. नॉरअ‍ॅड्रेनलिन तयार होताना मधला टप्पा म्हणून ज्याच्याकडे पाहिले जाई, ते डोपामाइन मेंदूत भरपूर असते, रेझर्पिनने संपते आणि एल-डोपाने भरून येते, हे त्यांच्या गटाने मोजून दाखवले. मेंदूत डोपामाइन असल्याचे इंग्लंडमध्ये कॅथलीन माँटेग्यू यांनीही १९५७ मध्ये नोंदवले होते. कार्लसन यांचे वेगळेपण असे, की त्यांनी या रसायनाची सांगड थेट हालचालीशी घातली. ते मेंदूच्या तळाशी असलेल्या, हालचालींशी संबंधित भागात एकवटलेले असते, हे १९५९ मध्ये त्यांचेच विद्यार्थी बर्टलर व रोझेनग्रेन यांनी दाखवले.

तरीही १९६० च्या लंडन परिषदेत जाणत्या औषधशास्त्रज्ञांनी ही मांडणी स्वीकारली नाही. मेंदूतील संदेश विजेने जातात, की रसायनांनी, हा वाद तेव्हा मिटलेला नव्हता. पण त्याच वर्षी व्हिएन्नात एरिंगर व हॉर्निकिविच यांना कंपवाताने मृत्यू पावलेल्यांच्या मेंदूत डोपामाइन फारच कमी आढळले. पुढच्याच वर्षी तिथल्या रुग्णांना एल-डोपा देऊन पाहिले गेले, आणि १९६७ मध्ये जॉर्ज कोट्झियास यांनी ते तोंडावाटे मोठ्या मात्रेत देण्याची पद्धत बसवली. कंपवातावर आजही तेच मुख्य औषध आहे. नोबेलमध्ये हॉर्निकिविच यांचे नाव नव्हते, याबद्दल अनेक मेंदूशास्त्रज्ञांनी जाहीर पत्र लिहून खेद व्यक्त केला. तो रास्तच होता.

तिसरा निबंध १९६३ चा, मार्गिट लिंडक्विस्ट यांच्यासह लिहिलेला. तेव्हा कार्लसन गोथेनबर्ग विद्यापीठात प्राध्यापक होते. स्किझोफ्रेनियावरील क्लोरप्रोमाझिन व हॅलोपेरिडॉल दिल्यावर उंदरांच्या मेंदूतील डोपामाइन आणि नॉरअ‍ॅड्रेनलिन घटत नाही, उलट त्यांच्या विघटनातून होणारी द्रव्ये वाढतात, असे त्यात आढळले. दाराला आतून कडी असली की बाहेरचा माणूस अधिकच जोराने ठोठावतो, तसे हे आहे : औषध ग्राहीस्थाने, म्हणजे संदेशवाहक रसायन पेशीला जिथे चिकटते त्या जागा, अडवते, म्हणून चेतापेशी जास्त रसायन सोडते. हा केवळ तर्क होता. ग्राहीस्थाने थेट मोजण्याची पद्धत यायला आणखी दहा-बारा वर्षे लागली, आणि तिने तो खरा ठरवला. स्किझोफ्रेनियाच्या डोपामाइन सिद्धान्ताचा पाया याच निबंधात आहे. केवळ निबंधांची संख्या मोजणाऱ्या पद्धतीत त्याचे मोल दिसणारच नाही.

नैराश्यावरील झिमेलिडिन हे निवडकपणे सेरोटोनिनवर काम करणारे औषध त्यांच्या सहभागाने तयार झाले. मज्जातंतूंच्या गंभीर दुष्परिणामामुळे ते १९८३ मध्ये मागे घेण्यात आले, पण त्या जातीची औषधे पुढे जगभर पसरली. चेतापेशी स्वतःच सोडलेल्या डोपामाइनची दखल घेऊन आपला वेग कमी-जास्त करते, ही कल्पनाही त्यांनी १९७० च्या दशकात मांडली. त्यातून ते डोपामाइन पूर्ण अडवण्याऐवजी त्याचा तोल सावरणाऱ्या औषधांकडे वळले. १९८९ मध्ये निवृत्त झाल्यावरही त्यांनी हाच विषय धरून ठेवला. अमेरिकेत २००२ मध्ये मान्यता मिळालेले स्किझोफ्रेनियावरील औषध अ‍ॅरिपिप्राझोल ग्राहीस्थानाला अंशतःच चालना देते. औषध त्यांच्या प्रयोगशाळेतले नव्हे, पण वाट तीच.