काल्पनिक अंतराळयानाची अंतर्गत मांडणी

विज्ञानकथेतल्या यानाच्या आत कोणती खोली कुठे आहे, मजले किती आहेत, जिने आणि दारे कुठे उघडतात, इंजिनाला आणि टाक्यांना किती जागा लागते, हे ठरवून त्याचा मोजमापासह आराखडा काढणे म्हणजे यानाची अंतर्गत मांडणी. लेखक किंवा कलादिग्दर्शक यान रचतानाच हे काम करतो. त्याने ते केले नसेल, तर पुढे चाहते पडद्यावर दिसलेल्या तुकड्यांवरून आतले यान शोधून काढतात. हे दुसरे काम अधिक अवघड आणि अधिक रंजक आहे. पडद्यावरचे यान बाहेरून एक लहान प्रतिकृती असते आणि आतून स्टुडिओतले सेट असतात. दोन्ही वेगवेगळ्या हातांनी, वेगवेगळ्या सोयी पाहून बांधलेले असतात. त्यांचा मेळ बसेलच याची कोणी हमी दिलेली नसते.

कागदावर पहिली रेघ ओढण्याआधी एक प्रश्न सोडवावा लागतो: या यानात ‘खाली’ कोणत्या बाजूला? बाकीची मांडणी बहुतांशी या उत्तरावरून ठरत जाते. इंजिन सतत रेटा देत असेल तर आतल्या माणसाला शेपटाच्या दिशेने ओढ जाणवते. मग मजले इमारतीसारखे एकावर एक येतात, तळाशी इंजिन आणि माथ्याशी नियंत्रणकक्ष. टिनटिनच्या चित्रकथेतल्या चंद्रमोहिमेचे रॉकेट असे उभ्या मांडणीचे आहे. त्याचे चित्रकार एर्जे यांनी या रॉकेटची भाग सुटे करता येतील अशी प्रतिकृती करून घेतली होती. कोणत्या चौकटीत पात्र कुठे उभे आहे आणि त्याच्या मागे काय दिसायला हवे, हे सहायकांना त्यावरून नेमके कळत असे.

इंजिन बंद असलेल्या यानात ओढच नसते. तरीही माणसाला मजला आणि छत हवेच असतात. १९७३-७४ मध्ये स्कायलॅब या अमेरिकी अंतराळस्थानकावर राहण्याच्या भागात ठरलेला मजला होता. येणारे यान जिथे जोडले जाई त्या जोडकक्षात मात्र उपकरणे भिंतींवर चहूबाजूंनी, वेगवेगळ्या दिशांना तोंड करून बसवली होती. तिथे दिशेचा गोंधळ उडतो, अशी तक्रार अंतराळवीरांनी केली. गुरुत्व नाही म्हणून कुठेही काहीही ठोकले तरी चालते, असे समजणाऱ्याने हा अनुभव लक्षात ठेवावा.

तिसरा मार्ग फिरत्या चक्राचा. इथे ‘खाली’ म्हणजे आसापासून बाहेर, आणि मांडणी गणिताच्या तावडीत सापडते. १९६८ च्या ‘२००१: अ स्पेस ओडिसी’ या चित्रपटासाठी ३८ फूट, म्हणजे सुमारे ११.६ मीटर व्यासाचे खरेखुरे फिरणारे चक्र बांधले होते. एवढ्या चक्रात पृथ्वीइतके वजन जाणवायचे तर ते मिनिटाला बारांहून अधिक वेळा फिरायला हवे. शिवाय १.७ मीटर उंचीचा माणूस उभा राहिला, तर त्याच्या डोक्याशी ओढ पायांपेक्षा सुमारे २९ टक्क्यांनी कमी भरते. मिनिटाला दोनच फेरे ठेवायचे तर त्रिज्या सुमारे २२४ मीटर लागते. चंद्राइतक्या ओढीवर भागवले, तर लहान चक्राला मिनिटाला पाच फेरे पुरतात. लहान यानासाठी ही तडजोड मला सर्वात पटणारी वाटते. अशा चक्रात बिछाने आसाला समांतर लावावेत. मग झोपेत कुशीवर वळताना शरीर चक्राच्या आसाला समांतर रेषेभोवतीच वळते आणि कानाच्या आतल्या तोलाच्या इंद्रियाचा गोंधळ होत नाही.

पडद्यावरच्या बहुसंख्य यानांत यातले काहीच नसते. जहाजासारखे मजले लांबीच्या दिशेने पसरलेले असतात आणि गुरुत्व कुठून आले ते सांगितलेले नसते. आराखडा काढणाऱ्याने ते मान्य करूनच पुढे जावे. ते नाकारले तर एकही सेट जागेवर बसत नाही.

मग येतो जागेचा हिशेब. आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकात माणसांना वावरायला मिळणारी जागा सुमारे ३८८ घनमीटर आहे, तर अपोलोच्या मुख्य कक्षात तिघांना मिळून सहा घनमीटरच्या आसपास जागा होती. या दोन टोकांच्या मध्ये कुठे बसायचे, हे प्रवासाच्या मुदतीवर ठरते. टाक्यांचा आकार तर हमखास कमी धरला जातो. द्रवरूप हायड्रोजन इतका हलका असतो की १०० टनांना सुमारे १,४०० घनमीटर जागा लागते, म्हणजे त्या स्थानकाच्या वावराच्या जागेच्या साडेतीनपट. पाण्याच्या टाक्या मात्र मांडणीला मदत करतात. त्या एका लहान खोलीभोवती रचल्या, तर सौरवादळाच्या वेळी प्रारणापासून आडोसा मिळतो.

चाहत्यांच्या पद्धतीचे सर्वात गाजलेले उदाहरण म्हणजे ‘स्टार ट्रेक’ मालिकेतले एंटरप्राइझ हे यान. त्याची लांबी ९४७ फूट, म्हणजे सुमारे २८९ मीटर मानली जाते, आणि चित्रीकरणाची मोठी प्रतिकृती सुमारे ३.४ मीटर लांब आहे. म्हणजे प्रमाण साधारण १:८५. तीन मीटरचा एक मजला प्रतिकृतीवर जेमतेम साडेतीन सेंटिमीटर भरतो. खिडक्यांच्या ओळींमधले अंतर मोजून मजले कुठे येतात ते ताडता येते. वाकड्या मार्गिकाही साक्ष देतात: सेटवरच्या मार्गिकेच्या वळणाची त्रिज्या काढली, की ती यानाच्या तबकडीसारख्या गोल भागाच्या मध्यापासून किती दूर असायला हवी ते कळते.

या यानाचे सविस्तर आराखडे फ्रान्झ जोसेफ यांनी काढले आणि ते १९७५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातला नियंत्रणकक्षाचा पेच आजही वादाचा आहे. सेटमध्ये लिफ्टचे दार कप्तानाच्या मागे, पण डाव्या अंगाला आहे. बाहेरच्या प्रतिकृतीवर लिफ्टचा वाटणारा उंचवटा मात्र बरोबर मध्यरेषेवर आहे. जोसेफ यांनी दोन्ही पुरावे खरे धरले आणि अख्खा कक्ष ३६ अंशांनी डावीकडे फिरवला. परिणामी कप्तान यानाच्या नाकाच्या दिशेला तोंड करून बसतच नाही. अनेकांना हे विचित्र वाटते आणि ते तो उंचवटा लिफ्टचा नाहीच असे सांगून सुटका करून घेतात. मला जोसेफ यांचा मार्ग अधिक प्रामाणिक वाटतो, कारण त्यात दिसलेली कोणतीही वस्तू नाकारावी लागत नाही. त्याच मालिकेतल्या छोट्या शटलला असा तोडगा नाही: आतल्या सेटमध्ये माणसे ताठ उभी राहतात, तेवढी उंची बाहेरच्या पूर्ण आकाराच्या सांगाड्यात नव्हतीच. तिथे बाहेरचे यान मोठे धरण्यावाचून गत्यंतर नसते.

सेट एकमेकांना जोडून बांधले, तर हा त्रास बराच कमी होतो. ‘एलियन’ (१९७९) चित्रपटातल्या नोस्ट्रोमो यानाचे सेट असे जोडलेले होते. ‘फायरफ्लाय’ (२००२) मालिकेत यानाचे वरचे आणि खालचे मजले दोन सलग सेटमध्ये उभारले होते, त्यामुळे कॅमेरा न थांबता एका खोलीतून दुसरीत जाऊ शके.

प्रत्यक्ष काम करताना उभा छेद आधी काढावा. वरून दिसणाऱ्या नकाशात सगळे छान मावते. कवच निमुळते होत जाते तिथे डोके आपटते, हे छेदातच उघड होते. मजल्यापासून मजल्यापर्यंत तीन मीटर धरले, तर जमिनीची जाडी, हवेच्या नळ्या आणि तारा जाऊन चालायला सव्वादोन-अडीच मीटरच उरतात. नंतर पात्रांच्या वाटा आराखड्यावर बोटाने चालून पाहाव्यात: गजर झाल्यावर अभियंता कोणत्या दाराने, किती वेळात इंजिनाशी पोहोचतो? दोन प्रसंगांतून दोन उत्तरे निघाली, तर जे अधिक वेळा दिसते ते धरावे आणि दुसऱ्याची नोंद आराखड्याच्या कडेला करावी. जो भाग कधीच दिसला नाही, तो तुटक रेघांनी काढावा, म्हणजे पाहिलेले आणि कल्पिलेले यांची सरमिसळ होत नाही.