मॉर्मन आणि प्रोटेस्टंट: दोघांचा 'देव' हा शब्द एकच, अर्थ दोन

नगरकडचं कोणी अमेरिकेतल्या युटा राज्यात, म्हणजे मॉर्मन चर्चच्या मुख्य गडात, नोकरीला आलं की दोन-तीन आठवड्यांत मला फोन येतो आणि प्रश्न ठरलेला, "ते मॉर्मन लोक ख्रिस्ती आहेत का नाहीत?" मी तोंड उघडायच्या आत उत्तरही पलीकडूनच येतं. एक जण म्हणतो छे, ते कसले ख्रिस्ती. दुसरा म्हणतो येशूचं नाव घेतात, रविवारी चर्चला जातात, आपल्यासारखेच की. मी सीएनआय म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रोटेस्टंट मंडळीत वाढलो, आता युटातल्या सॉल्ट लेक व्हॅलीत राहतो, दोन्ही बाजूचे शेजारी मॉर्मन, आणि ही दोन्ही उत्तरं ऐकून ऐकून मी खरंच कंटाळलोय, कारण दोन्हीकडे समोरच्याला विचारायचे कष्ट कोणी घेतलेले नसतात.

आधी नाव. २०१८ मध्ये त्यांचे तेव्हाचे अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी स्पष्ट सांगितलं की आम्हाला मॉर्मन म्हणू नका, चर्चचं पूर्ण नाव घ्या, चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स. इथे मॉर्मन लिहितोय ते तुम्हाला कळावं म्हणून, शेजाऱ्यांशी बोलताना मी लॅटर-डे सेंटच म्हणतो, तुम्हीही म्हणा.

प्रोटेस्टंट, म्हणजे आपली, बाजू तुम्हाला पाठ आहे, १५१७ मध्ये मार्टिन लूथरने रोमच्या चर्चविरुद्ध सुरू केलेली सुधारणा, तारण केवळ देवाच्या कृपेने, प्रमाण केवळ बायबल, ते परत सांगत नाही. फक्त एक लक्षात ठेवा, जोसेफ स्मिथने १८३० मध्ये न्यूयॉर्क राज्यात हे चर्च सुरू केलं आणि १८३१ मध्ये अमेरिकन मराठी मिशन या प्रोटेस्टंट मिशनऱ्यांच्या संस्थेचं काम नगरला सुरू झालं. म्हणजे आपल्या पणजोबांना शुभवर्तमान सांगणारे लोक आणि हा जोसेफ स्मिथ अमेरिकेच्या एकाच कोपऱ्यातले, एकाच काळातले. त्यामुळे भाषा इतकी सारखी वाटते आणि म्हणूनच गोंधळ होतो.

आता किरकोळ फरक. चहा-कॉफी, दारू, तंबाखू नाही, प्रभुभोजनात द्राक्षरसाऐवजी पाणी. अनेक बायका? चर्चने ते १८९० मध्ये जाहीरपणे थांबवलं, आज कोणी दुसरं लग्न केलं तर चर्चमधून काढतात, तेव्हा तो विषय कृपा करून सोडा. घोडागाडीतून फिरणारे आमिश हा वेगळाच ख्रिस्ती पंथ, त्यांचा इथे काही संबंध नाही. जोसेफ स्मिथने प्रसिद्ध केलेलं बुक ऑफ मॉर्मन ते बायबलसोबत पवित्र शास्त्र मानतात, आपण मानत नाही. हा फरक मोठा आहेच, पण तो सगळ्यांना दिसतो, त्यात कोणी फसत नाही.

फसतात ते 'देव' या शब्दापाशी.

आपण म्हणतो पिता, पुत्र, पवित्र आत्मा, तीन व्यक्ती पण तत्त्व, म्हणजे मूळ अस्तित्व, एक, देव एक, यालाच त्रैक्य म्हणतात. इ.स. ३२५ मध्ये निकियाला भरलेल्या बिशपांच्या परिषदेपासून ही भाषा चालत आलीये आणि लूथरनेही ती सोडली नाही. लॅटर-डे सेंट पण पिता, पुत्र, पवित्र आत्मा म्हणतात, त्याच क्रमाने, तितक्याच भक्तीने, पण त्यांच्या शिकवणीत हे तिघे वेगवेगळे आहेत, पित्याला मांस-हाडांचं शरीर आहे, पुत्रालाही आहे, पवित्र आत्म्याला तसं नाही, आणि तिघांचं एकपण हे हेतूचं, इच्छेचं, प्रेमाचं आहे, तत्त्वाचं नाही. हे त्यांच्या डॉक्ट्रिन अँड कव्हनंट्स या शास्त्रात १३० व्या भागात सरळ लिहिलेलं आहे, लपवलेलं वगैरे काही नाही.

आणि हे हवेतून काढलेलं नाहीये. माझा शेजारी बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा १७ वा अध्याय उघडून दाखवतो, तिथे येशू प्रार्थना करतो की आपण जसे एक आहोत तसे माझे शिष्यही एक होवोत. तो विचारतो, शिष्य काही एका तत्त्वाचे झाले नाहीत ना, ते मनाने एक झाले, मग पिता-पुत्राचं एकपण तसंच का धरू नये? प्रश्न चांगला आहे. माझं उत्तर बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या ६:४ पासून सुरू होतं, परमेश्वर आपला देव एकच परमेश्वर आहे, आणि येशू जर खरोखर देव असेल तर तो त्या एकातच असला पाहिजे, शेजारी उभा राहिलेला दुसरा नाही. त्याला ते पटत नाही, मला त्याचं पटत नाही, पण आता आम्हाला दोघांना नक्की माहीत आहे की कशावर पटत नाही.

याच्याही खाली अजून एक थर आहे आणि माझ्या मते खरी दरी तिथे आहे. आपल्या विश्वासात देवाने सगळं शून्यातून निर्माण केलं, तो निर्माता आणि आपण निर्मिती, यांच्यामधली रेघ कधी पुसली जात नाही. त्यांच्या शिकवणीत मूळ द्रव्य अनादि आहे, माणसाचे आत्मे ही स्वर्गीय पित्याची खरीखुरी लेकरं आहेत, म्हणजे देव आणि माणूस एकाच जातकुळीतले, आणि लेकरू मोठं होऊन बापासारखं होऊ शकतं. इथे कोणीतरी हमखास म्हणतं, हे तर आपलं अद्वैत झालं. नाही हो! अद्वैतात शेवटी दोन उरतच नाहीत, इथे तर बाप बापच राहतो, लेक लेकच, कुटुंब कायमचं कुटुंब राहतं. तसंच त्रैक्य म्हणजे दत्त असंही म्हणू नका, दत्तात तिघांचे अंश आहेत, त्रैक्यात अंश नाहीत.

तारणाबद्दल थोडक्यात. त्यांच्या शास्त्रात एक वाक्य आहे की आपल्याला शक्य ते सगळं केल्यावर आपण कृपेने तारले जातो, आणि आपण इफिसकरांस पत्रातलं "कर्मे केल्याने नाही" धरून बसतो. पण "त्यांना कृपा माहीतच नाही" हे साफ खोटं आहे, हल्ली त्यांच्या प्रवचनांत कृपेवर भरपूर बोललं जातं.

खोटं म्हटलं म्हणून सांगतो. नोव्हेंबर २००४ मध्ये रिचर्ड मौ, फुलर सेमिनरी या धर्मशिक्षण संस्थेचे तेव्हाचे अध्यक्ष, पक्के इव्हँजेलिकल म्हणजे बायबलवर ठाम प्रोटेस्टंट, सॉल्ट लेकच्या टॅबरनॅकलमध्ये, म्हणजे मॉर्मनांच्या जुन्या सभागृहात, उभे राहून म्हणाले की आम्ही तुमच्याविरुद्ध पाप केलं, तुम्ही काय मानता याबद्दल आम्ही खोटी साक्ष दिली. त्यांनी त्रैक्य सोडलं नाही, पण आपल्याच लोकांच्या शिव्या मात्र खाल्ल्या. मला ते भाषण फार महत्त्वाचं वाटतं. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको ही आज्ञा शेजारी मॉर्मन असला तरी लागू आहेच.

आदर म्हणजे मतभेद गिळणं असंही नाही. ते मानतात की येशूच्या प्रेषितांनंतर, म्हणजे त्याने निवडलेल्या शिष्यांनंतर, बाप्तिस्मा वगैरे देण्याचा अधिकार पृथ्वीवरून गेला आणि तो जोसेफ स्मिथकडे परत आला, म्हणजे आमच्या पाळकाने दिलेला बाप्तिस्मा त्यांच्या हिशोबात धरला जात नाही. याचा राग का यावा? युनायटेड मेथडिस्ट या अमेरिकेतल्या प्रोटेस्टंट चर्चनेही २००० मध्ये ठरवलं की लॅटर-डे सेंट कोणी आला तर परत बाप्तिस्मा द्यायचा. दोन्ही बाजू यात प्रामाणिक आहेत.

हे माझ्या मावशीला समजावताना मात्र घाम फुटला. तिच्या नातीने लग्नाआधी त्यांच्या चर्चमध्ये जायचं ठरवलं, नगरला तान्ही असताना झालेला बाप्तिस्मा चालणार नव्हता. मावशी विमानाने आली, डोळे सुजलेले, पण आली आणि पहिल्या रांगेत बसली. पोरगी पांढऱ्या कपड्यांत पाण्यात उतरली, बाप्तिस्मा देणाऱ्या तरुणाने हात वर करून शब्द उच्चारले आणि मावशीने माझा दंड घट्ट धरला. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने, हेच शब्द पाळकसाहेबांनी नगरला म्हटले होते. बाहेर आल्यावर तिने विचारलं, "अरे, शब्द तर तेच आहेत, मग परत कशाला?" पार्किंगमध्ये ऊन होतं, मी गाडीचा एसी लावला, तिला पुढच्या सीटवर बसवलं आणि योहान १७ पासून सुरुवात केली.