पार्श्वभूमी : अदेबायोर, टोगो आणि मागे घ्यावी लागलेली बंदी

टोगो या पश्चिम आफ्रिकेतल्या देशाचा फुटबॉलपटू इमॅन्युएल अदेबायोर याचं नाव निघालं की बोलणं फिरून फिरून १२ सप्टेंबर २००९ च्या सामन्यावर येतं. मँचेस्टर सिटीकडून आर्सेनलविरुद्ध गोल करून तो अख्खं मैदान ओलांडत जुन्या क्लबच्या प्रेक्षकांसमोर गेला. त्या जल्लोषाबद्दल त्याला २५ हजार पौंडांचा दंड झाला आणि त्याच सामन्यात माजी सहकाऱ्याला बूट मारल्याबद्दल तीन सामन्यांची बंदी. एवढं सगळ्यांना पाठ आहे. चार महिन्यांनी टोगोचा कर्णधार म्हणून त्याच्यावर जे गुदरलं, त्याची आठवण मात्र पुसट होत चालली आहे.

१९८४ मध्ये टोगोच्या राजधानीत, लोमेत जन्म, मग फ्रेंच लीगमधले क्लब मेट्झ आणि मोनॅको. चॅम्पियन्स लीग या युरोपातल्या क्लबांच्या सर्वोच्च स्पर्धेची २००४ ची अंतिम लढत त्याने राखीव बाकावरून पाहिली. जानेवारी २००६ मध्ये आर्सेनलने त्याला घेतलं आणि तो संघही अंतिम फेरीत पोहोचला, पण त्या मोसमात तो मोनॅकोकडून पात्रता फेरी खेळला होता, म्हणून आर्सेनलला त्याला युरोपात उतरवताच आलं नाही. २००७-०८ मध्ये इंग्लिश लीगमध्ये २४ गोल, २००८ चा आफ्रिकेतला सर्वोत्तम खेळाडू. त्याआधी २००६ च्या विश्वचषक पात्रतेत त्याने ११ गोल करून टोगोला पहिल्यांदा विश्वचषकात नेलं. तिथे मानधनाचा वाद पेटला, प्रशिक्षक स्पर्धेच्या तोंडावर निघून गेले आणि परत आले, आणि संघ तिन्ही सामने हरला.

जानेवारी २०१० मध्ये आफ्रिकेतल्या राष्ट्रीय संघांच्या आफ्रिका चषकाचं यजमानपद अंगोलाकडे होतं. टोगोचा गट कबिंडात ठेवला होता. हा प्रांत अंगोलाच्या मुख्य भूमीपासून तुटलेला, दोन्ही काँगोंच्या मध्ये आहे आणि तिथे फुटीरतावाद्यांचा सशस्त्र लढा जुना. ८ जानेवारीला संघाची बस काँगोतल्या प्वाँत न्वारहून सीमा ओलांडून आली आणि लगेच तिच्यावर मशीनगनचा मारा झाला. सहायक प्रशिक्षक आणि प्रसिद्धी अधिकारी मरण पावले. एका गोलरक्षकाला पाठीच्या खालच्या भागात गोळ्या लागल्या, त्याची कारकीर्द तिथेच संपली. अदेबायोर बसमध्ये होता, बचावला.

पुढच्या दोन दिवसांतला क्रम नीट लक्षात घ्यायला हवा, कारण सगळा वाद त्यावरच उभा राहिला. खेळाडूंना आधी घरी जायचं होतं. मग मृतांच्या स्मरणार्थ खेळायचं असं त्यांनी ठरवलं. सरकारने तीन दिवसांचा दुखवटा जाहीर केला आणि विमान पाठवून संघाला परत नेलं. ११ जानेवारीचा घानाविरुद्धचा सामना झालाच नाही, आणि गट तीन संघांवर चालला.

३० जानेवारीला, स्पर्धा संपायच्या आदल्या दिवशी, आफ्रिकेच्या फुटबॉल महासंघाने निकाल दिला: टोगोला ५० हजार डॉलर दंड आणि पुढच्या दोन स्पर्धांतून बंदी. आधार माघारीच्या कलमाचा. त्यात अपरिहार्य आपत्तीचा अपवाद होता, पण आपत्ती अपरिहार्य आहे की नाही हे महासंघानेच ठरवायचं होतं. महासंघाचं म्हणणं असं, की खेळाडू खेळायला तयार होते, सरकारने त्यांना बोलावून घेतलं, म्हणजे हा राजकीय हस्तक्षेप. संघ विमानाने न येता रस्त्याने आला, हाही ठपका होताच.

हे पटत नाही. हस्तक्षेपाचा नियम आहे तो मंत्र्यांनी संघ निवडू नये, संघटना बरखास्त करू नये यासाठी. गोळ्या खाल्लेल्या नागरिकांना घरी आणणं त्यात कसं बसतं? शिवाय कबिंडात सामने ठेवायला ज्या महासंघाने मान्यता दिली, तोच न्यायाधीशाच्या खुर्चीत बसला होता.

बंदीचा परिणाम लगेच दिसला. फेब्रुवारीत २०१२ च्या पात्रतेची सोडत निघाली, त्यात टोगो नव्हता. १२ एप्रिलला अदेबायोरने राष्ट्रीय संघ सोडला. त्या दिवशीची दृश्यं डोळ्यांसमोरून हलत नाहीत, हे कारण त्याने दिलं. फिफा या जागतिक फुटबॉल संघटनेच्या अध्यक्षांनी मध्यस्थी केल्यावर १४ मे रोजी बंदी उठली आणि टोगोला एका गटात पाचवा संघ म्हणून घुसवण्यात आलं. सप्टेंबरमध्ये तर बहारीनविरुद्ध टोगोच्या नावाने भलतेच लोक खेळून गेले, इतकी तिथली घडी विस्कटली होती. २०१२ ची पात्रता हुकली.

क्लबांकडे मात्र त्याची ये-जा चालूच राहिली. जानेवारी २०११ मध्ये तो लोनवर, म्हणजे ठरावीक काळापुरता उसना, रेआल माद्रिदला गेला. सिटीकडून तो युरोपा लीग ही युरोपातली दुसऱ्या क्रमांकाची स्पर्धा खेळला होता, तरी २००६ सारखं अडलं नाही. हिवाळ्यात नोंदवलेल्या अशा एका खेळाडूला चॅम्पियन्स लीगमध्ये उतरवायची मुभा तेव्हा होती. टॉटनहॅमविरुद्ध ४-० मध्ये दोन गोल त्याचे. पुढच्या मोसमात तो त्याच टॉटनहॅमकडे लोनवर आला आणि लीगमध्ये १७ गोल केले. न्यूकॅसलविरुद्ध ५-० मध्ये एक गोल आणि चार असिस्ट, म्हणजे सहकाऱ्यांच्या गोलांसाठी दिलेले पास. पण इंग्लिश लीगमध्ये लोनवरचा खेळाडू मूळ क्लबविरुद्ध खेळू शकत नाही. २२ जानेवारी २०१२ ला सिटीविरुद्ध २-२ असताना दूरच्या खांबाजवळ टॉटनहॅमच्या स्ट्रायकरचा पाय चेंडूपर्यंत जेमतेम पोहोचला नाही, काही क्षणांत पेनल्टीवर सिटीने सामना ३-२ जिंकला. १.९१ मीटर उंचीचा अदेबायोर तेव्हा संघाबाहेर होता.

तो टोगोसाठी परतला. २०१३ च्या आफ्रिका चषकात अल्जीरियाविरुद्ध २-० मधला पहिला गोल त्याचा, आणि टोगो प्रथमच उपांत्यपूर्व फेरीत गेला. तिथे बुर्किना फासोने जादा वेळेत १-० ने हरवलं. नंतर क्रिस्टल पॅलेस, तुर्कस्तानातले दोन क्लब, २०२० मध्ये पॅराग्वेचा ओलिंपिया, जिथे कोरोनाच्या साथीमुळे चारच सामने झाले, आणि शेवटी मायदेशातला सेमासी. मार्च २०२३ मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली.