सीटपोस्ट : अडकणे व वाकणे

सायकलीची सीट ज्या पोकळ दांड्यावर बसते तो सीटपोस्ट फ्रेमच्या उभ्या नळीत सरकवून क्लॅम्पने आवळलेला असतो. बोल्ट पूर्ण सैल करूनही तो फिरत वा सरकत नसेल, तर तो अडकला असे समजतात. अडकणे व वाकणे हे दोन्ही दोष एकत्रही आढळतात, कारण क्लॅम्पच्या खाली वाकलेला पोस्ट नळीतून सरळ वर येऊच शकत नाही.

सध्या २७.२, ३०.९ व ३१.६ मिमी. हे व्यास अधिक प्रचलित असले, तरी जुन्या पोलादी फ्रेमांत २५.४ ते २७.२ मिमी. दरम्यान बहुधा ०.२ मिमी.च्या टप्प्याने अनेक मापे आढळतात. याचे मूळ नळीच्या भिंतीच्या जाडीत आहे. २८.६ मिमी. बाह्यव्यासाच्या नळीची भिंत ०.६ मिमी. असेल, तर आतला व्यास २७.४ मिमी. भरतो आणि त्यात २७.२ मिमी.चा पोस्ट बसतो. भिंत जितकी जाड, तितके माप कमी. एका टप्प्याने मोठा पोस्ट ठोकून बसवला की तो कायमचा रुततो. एका टप्प्याने लहान बसवला, तर बोल्ट आवळताना नळीच्या तोंडाशी असलेल्या उभ्या चिरेच्या कडा जवळ येतात, नळीचे तोंड चिमटते आणि पोस्ट त्याच कडेवर डुलत राहून तिथे वाकतो.

निदानाची सुरुवात धातू ओळखण्यापासून करावी. पोस्टला व नळीला चुंबक लावला की पोलाद आणि ॲल्युमिनियम यांची जोडी लगेच कळते. बोल्ट केवळ सैल न करता काढून टाकावा, पोस्ट व नळी यांवर मिळून मार्करने एक उभी रेघ ओढावी आणि सीट धरून पिळावे. रेघ अर्धा मिलिमीटर जरी तुटली, तरी पोस्ट सुटणार असे समजावे. रेघ अखंड राहून फक्त सीट पिळली जात असेल, तर जोर तिथेच थांबवावा. बाटलीच्या स्टँडचा लांब स्क्रू आतून पोस्टला टेकला आहे का, हेही पाहावे. हे कारण अनेकदा नजरेतून सुटते.

पोलादी फ्रेमीत ॲल्युमिनियमचा पोस्ट अडकणे हा सर्वांत चिवट प्रकार होय. घाम व खारे पाणी यांच्या सान्निध्यात या जोडीत विद्युत्-रासायनिक गंज सुरू होतो व त्यात ॲल्युमिनियम झिजते. त्यापासून बनणारे हायड्रॉक्साइड मूळ धातूच्या सुमारे तिप्पट जागा व्यापते. मोकळी फट जेमतेम ०.१ ते ०.२ मिमी. असल्याने ती पांढऱ्या भुकटीने गच्च भरते. कार्बन वा टायटॅनियम फ्रेमीतही झिजते ते ॲल्युमिनियमच.

ही भुकटी सोडवण्यासाठी अमोनिया वापरावा, हा सल्ला दुरुस्तीच्या परंपरेत बराच रुजला आहे. मात्र ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड जास्तीच्या अमोनियातही विरघळत नाही, हे रसायनशास्त्रातील गुणात्मक विश्लेषणाचे मूलभूत निरीक्षण आहे. काही वेळा उपयोग झाल्याचे सांगतात, तो बहुधा द्रव फटीत झिरपल्याचा परिणाम असावा. तेवढ्यासाठी भेदक तेल (बारीक फटीत झिरपणारे पातळ तेल) अधिक बरे. ते वरून चिरेत घालावे. शिवाय सायकल उलटी करून, नळीच्या खालच्या टोकाशी असलेला, पेडलच्या आसाचा बेअरिंग सेट काढून तिकडूनही सोडावे आणि एक-दोन दिवस मुरू द्यावे.

उष्णतेबाबतही मतभेद आहेत. १००° से.ने तापवल्यास २७.२ मिमी.चा ॲल्युमिनियम पोस्ट सुमारे ०.०६ मिमी. फुगतो, तर पोलादी नळी निम्मीच. म्हणजे दोन्ही तापवल्यास पकड घट्टच होते. वारंवार तापवल्याने भुकटीचा थर तडकतो, असे तापवण्याच्या बाजूचे लोक म्हणतात. तरीही पोस्टच्या पोकळीत कोरडा बर्फ (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) भरून पोस्ट आकसवणे, हा मार्ग अधिक तर्कसंगत ठरतो. पोस्ट व फ्रेम दोन्ही पोलादी असतील, तर मात्र बाहेरून नळी तापवणे उपयोगी पडते.

यानंतर सीट काढून पोस्टचे डोके व्हाइसमध्ये (टेबलाला बसवलेल्या शिकंज्यात) पकडावे, चाके काढलेली फ्रेम तरफेसारखी दोन्ही हातांनी फिरवावी आणि पोस्ट फिरू लागल्यावरच ओढावे. पातळ भिंतीची नळी यात पिळवटू शकते. हेही साधले नाही, तर पोस्ट २५ ते ३० मिमी. वर ठेवून कापतात आणि हॅक्सॉच्या नुसत्या पात्याने आतून, उभ्या दिशेने दोन चिरा पाडतात. पात्याचे दात आपल्याकडे ओढताना कापतील असे धरावेत. कीस अधूनमधून चुंबकाजवळ न्यावा : चकचकीत कीस चिकटत नाही, पांढरी भुकटी येऊ लागली की पोस्ट संपत आला, कीस चुंबकाला लागला की पाते फ्रेमीत शिरले. चिरांमधली पट्टी आत दुमडली की उरलेला भाग सैल होतो.

कॉस्टिक सोड्याचे द्रावण ॲल्युमिनियम विरघळवते व पोलाद शाबूत ठेवते. पण ते रंग उतरवते, तापते व हायड्रोजन सोडते. म्हणून हे काम उघड्यावर, ज्योतीपासून दूर, चष्मा व रबरी हातमोजे घालून, खालची सर्व भोके बंद करूनच करावे. सोडा पाण्यात घालावा, पाणी सोड्यात नव्हे. ॲल्युमिनियम वा कार्बन फ्रेमीत हा उपाय वर्ज्य आहे.

वाकलेला पोस्ट काढून काचेवर लोळवला की वाक स्पष्ट दिसतो. तो बहुधा क्लॅम्पच्या कडेपाशी असतो आणि पोस्ट किमान किती आत हवा हे दाखवणाऱ्या, त्यावरील खुणेपेक्षा वर काढून वापरल्याने येतो. ॲल्युमिनियमचा पोस्ट सरळ करू नये. वाकाच्या ताणलेल्या बाजूला सूक्ष्म तडे गेलेले असू शकतात व पुढे तो अचानक मोडतो. कार्बनचा पोस्ट वाकत नाही, त्याचे थर सुटतात. पोस्ट बदलण्यापूर्वी नळी वेगवेगळ्या खोलीवर व काटकोनातील दोन दिशांनी मोजावी. ती लंबगोल झाली असेल, तर थोडक्या फरकापुरती रीमरने (भोक आतून कातणाऱ्या हत्याराने) साफ करता येते.

नवा पोस्ट बसवताना धातूच्या जोडीला ग्रीस, तर कार्बनला दाणेदार कार्बन पेस्ट लावतात. बोल्ट साधारणतः ४ ते ७ न्यूटन-मीटरपर्यंत आवळतात. क्लॅम्पवर वेगळा आकडा छापलेला असल्यास तोच पाळावा.