टॉर्चचा झोत लांब जातो तो कशामुळे?

‘१,००,००० ल्युमेन, २ किलोमीटर झोत, ९९०० एमएएच (मिलिअँपिअर-तास) बॅटरी’ अशी जाहिरात असलेली टॉर्च ऑनलाइन बाजारात हजार रुपयांच्या आत मिळते. हे आकडे खोटे आहेत आणि ते पकडायला शाळेतलं विज्ञान पुरतं. आजच्या टॉर्चमध्ये सर्रास वापरला जाणारा १८६५० मापाचा लिथियम-आयन सेल ३.६ व्होल्टचा असतो आणि चांगल्यात चांगल्या कंपनीच्या सेलची क्षमता साधारण ३५०० एमएएच भरते. म्हणजे ऊर्जा झाली १२.६ वॉट-तास. एलईडी एका वॉटमागे ढोबळमानाने १०० ल्युमेन प्रकाश देतो. लाख ल्युमेनसाठी १००० वॉट हवेत, म्हणजे एका सेलमधून पावणेतीनशे अँपिअर प्रवाह ओढावा लागेल आणि सेल पाऊण मिनिटात रिकामा होईल. त्याच्या आतच टॉर्चची राख व्हायची!

पण समजा ल्युमेनचा आकडा खरा असला, तरी त्यावरून झोत किती लांब जाईल हे कळत नाही. ल्युमेन म्हणजे टॉर्चमधून सगळ्या दिशांना मिळून बाहेर पडणारा एकूण प्रकाश. त्यातला किती प्रकाश नेमका समोरच्या दिशेने एकवटला आहे, ते कँडेला सांगतो. लांबच्या वस्तूवर प्रत्यक्ष किती उजेड पडला, त्याचं माप लक्स. अंतर दुप्पट झालं की लक्स चौथाईवर येतात, हे तुम्ही शिकला आहातच. टॉर्चसाठीच्या एएनएसआय एफएल-१ या मानकात झोताचं अंतर ०.२५ लक्स उरेपर्यंत मोजतात. निरभ्र रात्री पौर्णिमेचं चांदणं साधारण एवढंच असतं. त्यावरून सोपं सूत्र निघतं: कँडेलाचं वर्गमूळ काढायचं आणि दुप्पट करायचं. १०,००० कँडेला म्हणजे २०० मीटर, ४०,००० म्हणजे ४०० मीटर. दोन किलोमीटरसाठी दहा लाख कँडेला लागतात.

हे कँडेला येतात कुठून? इथे खरी गंमत आहे. टॉर्च बंद करा, कुणाला तरी चार-पाच मीटरवर ती हातात धरायला सांगा आणि तिच्या तोंडात अगदी सरळ रेषेत पाहा. एलईडीवरचा इवलासा पिवळा चौकोन जागेवर असला, तर सबंध रिफ्लेक्टर पिवळाधमक दिसतो. रिफ्लेक्टर अन्वस्ताकार असतो आणि एलईडी त्याच्या नाभीवर बसवलेला असतो. त्यामुळे दूरच्या डोळ्याला आरशाच्या प्रत्येक बिंदूत एलईडीचाच तुकडा दिसतो. टॉर्च लावली की दुरून पाहणाऱ्याला रिफ्लेक्टरची पूर्ण थाळी एलईडीइतक्याच तेजाने पेटलेली दिसते, त्याहून जास्त तेजाने मात्र कधीच नाही. आरसा असो वा भिंग, पृष्ठभागाचं तेज वाढवणं कुणालाच जमत नाही. ते फक्त त्या तेजाचा आकार मोठा करून दाखवतात.

म्हणून हिशेब असा: कँडेला = एलईडीच्या दर चौरस मिलिमीटरचं तेज × रिफ्लेक्टरच्या तोंडाचं क्षेत्रफळ, वजा काच आणि आरशातली घट. सपाट, वर घुमट नसलेल्या एलईडीचं तेज काढायला ल्युमेनला π आणि चकाकत्या भागाचं क्षेत्रफळ यांच्या गुणाकाराने भागायचं. दोन टॉर्च घ्या, दोन्हींच्या रिफ्लेक्टरचा व्यास ४० मिमी, म्हणजे तोंड साधारण १२५६ चौरस मिमी, आणि दोन्हींत घट ३० टक्के. पहिलीत २ चौरस मिमीचा एलईडी, ७०० ल्युमेन. त्याचं तेज येतं १११ कँडेला प्रति चौरस मिमी, टॉर्चची प्रखरता सुमारे ९८,००० कँडेला, झोत ६२५ मीटर. दुसरीत २५ चौरस मिमीचा ढब्बू एलईडी, २५०० ल्युमेन. तेज फक्त ३२, प्रखरता २८,००० कँडेला, झोत ३३५ मीटर. साडेतीन पट ल्युमेन देणारी टॉर्च निम्म्याच अंतरावर थांबली. तिचा प्रकाश वाया गेला असं नाही. तो आजूबाजूला पसरला, अंगणात किंवा तंबूभोवती तो उपयोगीच पडतो. पण ओढ्यापलीकडच्या बांधावर काय हललं, ते पाहायला त्याचा उपयोग नाही.

(एलईडीवर सिलिकॉनचा घुमट असेल तर प्रकाश जास्त निघतो, पण चौकोनही मोठा भासतो आणि तेज उतरतं. लांब झोतासाठी बिनघुमटाचे एलईडी वापरतात ते यामुळे.)

पुढे-मागे सरकणाऱ्या भिंगाच्या ‘झूम’ टॉर्चचं कोडंही यातच सुटतं. झोत बारीक करायला भिंग पुढे ओढलं, की ते एलईडीपासून लांब जातं आणि त्याच्या वाट्याला प्रकाशाचा अरुंद शंकूच येतो. उरलेला प्रकाश नळीच्या काळ्या भिंतीत मुरतो. समोरच्या भिंतीवर जो चौकोनी ठिपका उमटतो, ती एलईडीची प्रतिमा असते. ठिपक्याबाहेर मिट्ट काळोख, त्यामुळे पायाखालचं काही दिसत नाही. शिवाय सरकत्या सांध्यातून पाणी आत शिरतं. चालता-फिरता वापरायची असेल, तर रिफ्लेक्टरचीच टॉर्च घ्यावी.

कमी खर्चात घ्यायची तर खूण सोपी आहे: एकच लहान एलईडी, गुळगुळीत (संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत नव्हे) खोल रिफ्लेक्टर, तोंड ४० मिमी किंवा अधिक, एकच काढता येणारा सेल. कॉन्व्हॉय सी८ प्लस किंवा त्या घडणीच्या टॉर्च या वर्गात मोडतात. दोन-तीन सेल एकापुढे एक घालायच्या टॉर्च टाळा. त्यातला एक सेल अशक्त निघाला तर बाकीचे त्याला शून्य व्होल्टखाली ढकलतात आणि तो फुटू शकतो. टॉर्च हाती आल्यावर भिंतीवर झोत पाहा. मध्यभागी काळं भोक दिसलं तर एलईडी नाभीवर बसलेला नाही. बऱ्याचदा एलईडीभोवतीची पांढरी प्लॅस्टिकची चकती नीट बसली नाही, एवढंच कारण असतं.

कागदावरच्या ६०० मीटरवर चांदण्याइतकाच उजेड पडतो, हेही ध्यानात असू द्या. वस्तू ओळखू यायला एक लक्स तरी हवा, म्हणजे निम्मं अंतर धरा. धुक्यात तेही नाही. पिवळा प्रकाश धुकं भेदतो हा समज चुकीचा आहे. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी मोठे असतात, ते सगळे रंग सारखेच विखुरतात. टॉर्च डोळ्यांपासून दूर, कमरेशी धरली तर परत येणारा पांढरा पडदा कमी होतो.

उलट टॉर्च डोळ्यांशेजारी धरली तर अंधारात जनावरांचे डोळे जास्त लांबून चमकतात. कुत्रा, मांजर, गाय, बिबट्या यांच्या दृष्टिपटलामागे परावर्तक थर असतो आणि तो प्रकाश आला त्याच वाटेने परत पाठवतो. शिवारात तरंगणाऱ्या दोन हिरव्या ठिपक्यांना भूतखेत म्हणणाऱ्यांनी एवढं भौतिकशास्त्र जाणून घ्यावं. कृषिपंपांची वीज पाळीने रात्री येते, तेव्हा जुन्नरकडच्या उसात पाणी द्यायला जाणाऱ्या माणसाला भुताचं नव्हे, बिबट्याचं भय असतं. ते डोळे वेळेत दिसायला हवेत.

आता सेल. एमएएच पाहण्याआधी प्रवाह पाहा. टॉर्च ५ अँपिअर ओढत असेल आणि सेलचा अंतर्गत रोध १०० मिलिओहम असेल, तर अर्धा व्होल्ट आतच खर्च होतो. ४.२ चा ३.७ उरतो. एलईडीला ३.१ ते ३.५ व्होल्ट लागतात, त्यामुळे सेल अर्धा भरलेला असतानाच झोत मंदावतो आणि सेल अडीच वॉटने आतून तापतो. ४० मिलिओहमच्या सेलमध्ये फक्त ०.२ व्होल्ट जातात. सॅमसंगचा ३५ई ३५०० एमएएचचा, पण सतत ८ अँपिअरपर्यंतच. ३०क्यू ३००० एमएएचचा, १५ अँपिअर देणारा. तीन-चार अँपिअरच्या टॉर्चला पहिला, त्याहून हावरट टॉर्चला दुसरा.

नकली सेल ओळखायला स्वयंपाकघरातला काटा पुरे. अस्सल १८६५० चं वजन ४५ ते ५० ग्रॅम भरतं, तिशीतला सेल सरळ परत करा. संरक्षक सर्किट असलेले सेल ३ ते ५ मिमी जास्त लांब असतात, ते काही टॉर्चमध्ये बसत नाहीत. सपाट टोकाचा की बोंड असलेला हवा, तेही आधी पाहून घ्या. सेलवरचं प्लॅस्टिक वेष्टन फाटलं तर तो वापरू नका. धन टोकाभोवतीची कडसुद्धा ऋण असते आणि तिथे किल्ली टेकली तरी शॉर्ट होतो. याच कारणाने सुटे सेल खिशात न ठेवता डबीत ठेवावेत.

चार्ज झालेला सेल मल्टिमीटरवर ४.२० व्होल्टच्या आसपास दिसला पाहिजे. ४.२५ च्या वर गेला तर चार्जर फेकून द्या. २.५ च्या खाली बराच काळ राहिलेला सेल पुन्हा चार्ज करू नका. महिनोन्‌महिने ठेवायचा असेल तर ३.६-३.७ वर ठेवा. टॉर्चलाच टाइप-सी भोक असून दोन्हीकडे टाइप-सी असलेल्या केबलवर ती चार्ज होत नसेल, तर टॉर्च बिघडली असं समजू नका. स्वस्त टॉर्चमध्ये ५.१ किलोओहमचे दोन रोध वाचवलेले असतात आणि त्यांच्याशिवाय चार्जर वीजच सोडत नाही. एका टोकाला जुनं चौकोनी यूएसबी असलेली केबल लावा.

गावाकडच्या दुकानात मिळणाऱ्या, पिन थेट सॉकेटमध्ये खोचायच्या टॉर्चमध्ये बहुधा ४ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी असते. ती रिकामी ठेवली की प्लेटांवर सल्फेट साचतं आणि दोन-तीन महिन्यांत ती मरते. वापरली त्याच दिवशी चार्ज करा आणि रात्रभर लावून ठेवू नका, कारण अनेकींत चार्ज पूर्ण झाल्यावर थांबायची सोय नसते. त्यात ट्रान्सफॉर्मरही नसतो, आतलं सर्किट सरळ २३० व्होल्टला जोडलेलं असतं. चार्जिंगला लावलेली असताना तिचं बटण दाबू नका, ओल्या हाताने तर मुळीच नाही.