आशाताई घरी येते ती फक्त वही भरायला?

“बाळंतपण दवाखान्यात झालंय, मग आशाताई घरी कशाला?” हे वर्षानुवर्षं ऐकू येतं. खरं तर दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठीही सहा भेटी ठरलेल्या आहेत: 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी. घरी बाळंतपण झालं असेल तर पहिल्या दिवसाची एक जास्त.

वहीत लिहिण्याआधी ती काय करते ते बघा. हात धुते, बाळाला झोळीत घालून काट्यावर वजन घेते, काखेत थर्मामीटर लावते. मग अंगावरचं दुपटं बाजूला करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजते. मिनिटाला 60 किंवा जास्त भरले तर पुन्हा मोजते, आणि तरी तेवढेच आले तर थेट दवाखाना. (आजीबाईंची ‘बाळ जरा धापतंय, होईल बरं’ ही समजूत इथेच घात करते.)

ही पद्धत कागदावर जन्मलेली नाही. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने ती गडचिरोलीच्या 39 गावांत वापरली. तिथला नवजात मृत्युदर हजारी 62 वरून तीन वर्षांत 25 च्या आसपास आला. 2011 पासून ती देशभर लागू आहे.